अकरा जणांचा जानवसा: ऑरलँडोत राहायचं कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एडिसन, न्यू जर्सीचं कुटुंब. प्रश्न विचारणाऱ्या ताई, त्यांचे यजमान, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा. नाशिकहून आलेले आई-बाबा, त्यातल्या बाबांचे गुडघे कुरकुरतात. सासू-सासरेही याच वेळी इथे. शिवाय भाऊ, वहिनी आणि त्यांची अडीच वर्षांची छकुली. एकूण अकरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शाळेला सुट्टी आहे, तेव्हा सहा रात्री ऑरलँडोत राहायचं, त्यातले चार दिवस डिझ्नी वर्ल्डमध्ये. ‘डिझ्नीच्या हॉटेलात खोल्या घेऊ की बाहेर घर? स्वस्तात स्वस्त काय पडेल?’

मी टॅम्पाला राहते, डिझ्नीपासून तासाभराच्या अंतरावर. सुरुवातीला नात्यातल्यांच्या आणि मग ओळखीपाळखीतल्यांच्या अशा सहली लावून देता देता आता तो व्यवसायच झाला आहे. तुमच्यासारखं कुटुंब, म्हणजे दोन्हीकडचे आई-वडील आणि शेंबडं पोर एकाच वेळी, हा माझ्याकडे सर्वाधिक येणारा प्रकार.

उत्तर एका ओळीत हवं असेल तर घर घ्या. पाच बेडरूमचं, डिझ्नीपासून पंधरा मिनिटांच्या आत. पण असं एका ओळीत उत्तर घेऊन गेलेले लोक सहलीनंतर मला फोन करतात आणि तो फोन आभाराचा नसतो.

मुळात गोम अशी आहे की हॉटेलं माणसं मोजतात आणि आपण नाती मोजतो. डिझ्नीच्या स्वस्त हॉटेलांत, म्हणजे ऑल-स्टार, पॉप सेंच्युरी वगैरेंमध्ये साध्या खोलीत चार माणसं राहतात. तीन वर्षांखालचं बाळ पाळण्यात झोपत असेल तर मोजत नाहीत. कागदावर तुम्ही दहा अधिक एक, म्हणजे तीन खोल्यांत बसता. आता बसवून बघा. तुम्ही चौघं एका खोलीत. भाऊ-वहिनी आणि छकुली दुसऱ्या खोलीत. उरले कोण? तुमचे आई-बाबा आणि तुमचे सासू-सासरे. चौघे व्याही-विहिणी एका खोलीत, दोन पलंग, एक बाथरूम, सहा रात्री! पहाटे पाचला उठून गरम पाणी पिणारे एक आणि रात्री साडेअकरापर्यंत फोनवर कीर्तन ऐकणारे एक. मी हे एकदा होऊ दिलं आहे. पुन्हा नाही. म्हणजे तीन नव्हे, चार खोल्या धरायच्या, आणि हिशेब तिथेच फिरतो.

शिवाय डिझ्नीच्या खोलीचा दाखवलेला दर दोन मोठ्या माणसांचा असतो. तिसरं-चौथं माणूस अठरा वर्षांवरचं असेल तर दर रात्री वेगळा आकार पडतो. मुलांचा पडत नाही.

फॅमिली स्वीट नावाचा एक मधला मार्ग आहे. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिक या दोन हॉटेलांत तो मिळतो. सहा माणसं, दोन बाथरूम, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह, पण शेगडी नाही. असे दोन घेतले तर अकरा जण नीट मावतात. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनच्या दारातून स्कायलायनर नावाची पाळण्यांची केबल कार निघते, मध्ये एकदा पाळणा बदलला की ती एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या डिझ्नीच्या उद्यानांना नेते. गुडघेदुखीवाल्या माणसाला बसपेक्षा ती कितीतरी बरी. ऑल-स्टारला फक्त बस आहे. दोन्हींच्या भाड्यातला फरक बराचसा या पाळण्यांचा आहे, असं समजा. मात्र स्वीटमध्येही स्वतंत्र बेडरूम एकच असते, बाकीचे बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आणि भिंतीतून किंवा टेबलातून उघडणाऱ्या पलंगावर. तुमच्या घरातले कोणते चौघे सोफ्यावर झोपायला तयार आहेत, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.

फोर्ट विल्डरनेसच्या केबिनबद्दलही लोक विचारतात. सहा माणसं, पूर्ण स्वयंपाकघर, छान झाडी. पण बाथरूम एकच. त्याच ठिकाणी तंबूची किंवा आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, जागा घेतली तर एका जागेवर दहा माणसांपर्यंत चालतात आणि डिझ्नीच्या हद्दीतला सर्वांत स्वस्त मुक्काम तोच. कॉलेजातल्या पोरांना मी हे आनंदाने सांगते. तुमच्या बाबांना नाही.

मग डिझ्नी व्हेकेशन क्लबचे पॉइंट. ज्यांनी क्लबात पैसे गुंतवले आहेत, ते आपले न वापरलेले पॉइंट दुसऱ्याला भाड्याने देतात, आणि त्यावर दोन बेडरूमचा व्हिला आठ-नऊ जणांसाठी किंवा तीन बेडरूमचा बारा जणांसाठी मिळतो. आत शेगडी, भांडी, कपडे धुण्याचं यंत्र, सगळं. डिझ्नीला स्वतः पैसे मोजण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं, पण ‘बरंच स्वस्त’ आणि ‘स्वस्त’ यांत फरक आहे. दुसरं म्हणजे एकदा घेतलं की पैसे परत नाहीत. आई-वडील भारतातून येणार असतील, व्हिसाचं किंवा तब्येतीचं कधीही काहीही होऊ शकतं, तेव्हा परत न मिळणारे पैसे मी कोणाला गुंतवायला सांगत नाही.

आता घराकडे येऊ, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे आणि खड्डेही तिथेच आहेत.

किसिमी, डेव्हनपोर्ट, चॅम्पियन्सगेट, क्लेर्मोंट हा डिझ्नीच्या दक्षिणेचा आणि पश्चिमेचा पट्टा पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांनी भरलेला आहे. मागे स्वतःचा पोहण्याचा तलाव, गॅरेजमध्ये टेबल टेनिस, मुलांच्या खोलीत भिंतभर मिकी. फोटो पाहून जीव हरखतो. पण जाहिरातीत ‘किसिमी, डिझ्नीजवळ’ लिहिलेलं घर दहा मिनिटांवरही असतं आणि चाळीस मिनिटांवरही. किसिमी गाव मोठं, त्याचा पोस्टाचा पत्ता त्याहून मोठा.

माझी पहिली चूक हीच. सासरच्या नऊ जणांना घेऊन मी रात्रीमागे साठ डॉलर वाचवले आणि पस्तीस-चाळीस मिनिटांवरचं घर घेतलं. सकाळी काही वाटलं नाही. दुपारी दीड वाजता सासरे म्हणाले, ‘मी जरा घरी जाऊन पडतो.’ जाणं-येणं दीड तास, पार्किंग वेगळं, सोडायला कोणीतरी मोठं माणूस हवं. कोणीच गेलं नाही. सासरे एका बाकावर टोपी तोंडावर ओढून बसले, आणि चौथ्या दिवशी ‘तुम्ही जा, मी टीव्ही बघतो’ म्हणून घरीच राहिले. त्यांचं त्या दिवसाचं तिकीट वाया गेलं. सहा रात्रींच्या बचतीतला चांगला वाटा त्यातच गेला.

तेव्हापासून मी घर शोधताना भाडं शेवटी बघते. आधी बघते की दुपारच्या झोपेला माणूस घरी परत येऊ शकतो का. मोठ्या कुटुंबाची डिझ्नीची सहल टिकते ती दुपारी एक ते साडेचारच्या विश्रांतीवर. सत्तरीतले चौघे आणि अडीच वर्षांची एक, पाच जणांची झोप सांभाळली तर बाकीचे सहा जण रात्रीची आतषबाजी बघून येतात.

त्यासाठी एक खूण सांगते. हायवे १९२ वर, म्हणजे आयर्लो ब्रॉन्सन हायवेवर, रस्त्याच्या कडेला आकड्यांचे मोठे खांब आहेत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जाणारे. चारपासून नऊ-दहापर्यंतचे खांब डिझ्नीच्या बाजूचे. चौदा-पंधरा दिसले की तुम्ही जुन्या किसिमी गावाच्या दिशेला निघालात. विंडसर हिल्स, एमराल्ड आयलंड या वसाहती जवळच्या बाजूच्या. चॅम्पियन्सगेट, डेव्हनपोर्टची घरं नवी, मोठी आणि स्वस्त असतात, पण मध्ये आय-४ हा महामार्ग येतो आणि तो संध्याकाळी कसा तुंबतो ते मुंबईकरांना समजावून सांगायला नको. नकाशावर अंतर बघायचं ते रविवारी रात्री नव्हे. गुरुवारी सकाळी आठला घरापासून मॅजिक किंगडम या डिझ्नीच्या मुख्य उद्यानापर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचला उलट, असं बघा. अ‍ॅपमध्ये निघायची वेळ टाकता येते.

नंतर तळमजला. या घरांची साधारण ठेवण अशी की खाली बैठक, स्वयंपाकघर आणि एक मोठी बेडरूम बाथरूमसकट, बाकी चार बेडरूम वर. तुमच्याकडे ज्येष्ठ जोडपी दोन. खालची एकच खोली कोणाला द्यायची? बाबांचे गुडघे म्हणून त्यांना दिली तर सासूबाई काही बोलणार नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून ‘तळमजल्यावर दोन बेडरूम’ असं घर शोधा. कमी आहेत, पण आहेत, आणि बैठी एकमजली घरंही सापडतात, बहुतेक जुन्या वसाहतींत. स्वयंपाकघराचे ओटे जरा जुनाट असतील. असू देत.

बाथरूमचे फोटो मागवा. मालक बैठकीचे पंधरा फोटो टाकतो आणि बाथरूमचा एक, तोही आरशाचा. तुम्हाला बघायचं आहे ते टब आहे की उभा शॉवर. टबची कड ओलांडून आत जाणं हा ऐंशी टक्के ज्येष्ठांचा प्रश्न असतो, असं मी म्हणत नाही, माझ्याकडे आकडे नाहीत. माझ्या सहलींत दोनदा पाय घसरला आहे, दोन्ही वेळा टबातच. उभा शॉवर, धरायला दांडी आणि एक प्लास्टिकचं स्टूल. स्टूल वॉलमार्टमध्ये मिळतं. तिथूनच दोन मगही घ्या, का ते लिहीत नाही.

आता पैसे. घराच्या जाहिरातीत रात्रीचं भाडं ठळक असतं. समजा ३०० डॉलर. सहा रात्रींचे १८००. त्यात साफसफाईचे एकरकमी २२५ धरा. तलाव तापवण्याचे रोज ३५, म्हणजे २१०. ज्या संकेतस्थळावरून घेता त्याची सेवा-फी २४० धरा. झाले २४७५. त्यावर ऑसिओला काउंटीत, म्हणजे किसिमीच्या जिल्ह्यात, एकूण साडेतेरा टक्के कर, त्यात विक्रीकर आणि पर्यटनकर दोन्ही आले. म्हणजे आणखी ३३४. बेरीज २८०९, रात्रीला ४६८. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण ३०० चं घर ४६८ ला पडतं ही चाल अशीच असते. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत असा नियम आला आहे की मुक्कामाच्या जाहिरातीतल्या दरातच सगळे सक्तीचे आकार धरून दाखवायचे. त्यामुळे साफसफाईची फी आता आधीच दिसते. कर मात्र वेगळे दाखवता येतात, आणि तलाव तापवणं ‘ऐच्छिक’ असल्यामुळे तेही त्यात येत नाही.

ऐच्छिक म्हणजे किती ऐच्छिक? नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे दिवसा २५-२६ अंश असतात, माणसांना झकास. पण रात्री गारवा उतरतो आणि न तापवलेल्या तलावात मुलं पाय घालून किंचाळत बाहेर येतात. तलाव हे या घराचं मुख्य आकर्षण असेल तर तापवण्याचे पैसे भाड्यातच धरून चाला. नाहीतर तलाव नसलेलं, वसाहतीचा सामायिक तापवलेला तलाव असलेलं घर घ्या. ते स्वस्त पडतं आणि छकुलीसाठी सुरक्षितही.

तलावावरून आठवलं. फ्लोरिडात घराच्या तलावाला जाळी, कुंपण किंवा दाराला घंटी असं काहीतरी संरक्षण लावण्याचा कायदा आहे. त्यामुळे बऱ्याच घरांत मागचं सरकतं दार उघडलं की कानठळ्या बसवणारी टिटी वाजते. तुमचे सासरे पहाटे अंगणात प्राणायामाला जातील आणि ती वाजेल. सगळं घर जागं होईल. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती घंटी बंद करायचं बटण शोधून काढेल. ते करू देऊ नका. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे. प्राणायाम पुढच्या अंगणात.

हॉटेलशी तुलना करायची तर चार साध्या खोल्या, कर धरून खोलीमागे समजा २२० डॉलर, म्हणजे रात्रीला ८८०. घराच्या ४६८ मध्ये डिझ्नीचं पार्किंग मिळवा: एका गाडीला दिवसाला समजा ३० डॉलर. डिझ्नीच्या हॉटेलात उतरलेल्यांना ते फुकट असतं. दोन गाड्या, चार दिवस, २४०, म्हणजे सहा रात्रींत वाटले तर रात्रीला ४०. तरीही घर पुष्कळच खाली राहतं, आणि अजून आपण अकरा जणांचा नाश्ता धरलेलाच नाही.

नाश्ता आणि जेवण हीच खरी बचत. पण त्यासाठी स्वयंपाकघर नुसतं असून चालत नाही. बहुतेक घरांत काचेच्या सपाट पृष्ठभागाची विजेची शेगडी असते. आपली गोल बुडाची कढई त्यावर डुगडुगते आणि तापत नाही, सपाट तवाच लागतो. तुमच्याकडे इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेचा कुकर, असेल तर तो बॅगेत टाका, वरण-भात, खिचडी, छोले त्यातच होतील. धुरापासून सावध. वर लावलेला पंखा पुष्कळ घरांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. माझ्या एका मावशींनी पिठल्याला मिरचीची फोडणी घातली आणि घरातल्या सहाच्या सहा धुराच्या घंट्या एकदम सुरू झाल्या. वसाहतीचा पहारेकरी आला. मावशींनी त्याला पिठलं-भात दिला, तो भाग वेगळा. फोडणी घालण्याआधी तलावाकडचं दार उघडा, म्हणजे एकच घंटी वाजेल.

तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून तुम्ही मसाले, पीठ, पोहे, मेतकूट, चहाची पावडर आणणारच. ते चेक-इनच्या बॅगेत टाका. बाकी दूध, भाज्या, फळं इथल्या पब्लिक्स या किराणा-भाजीच्या दुकानांत, आणि भारतीय किराणाही ऑरलँडोत आहे. डिझ्नीच्या उद्यानांत घरचं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी आणि दारू सोडून. पोळी-भाजीच्या गुंडाळ्या, दशम्या, लाडू बिनधास्त न्या. पाणी विकत घेऊ नका. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात.

घर घेताना जे गमावता तेही सांगते, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. डिझ्नीच्या हॉटेलवाल्यांना सगळ्या उद्यानांत रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. रांग टाळायच्या लाइटनिंग लेन पासचं बुकिंग त्यांना सात दिवस आधी करता येतं, बाहेरच्यांना तीनच दिवस आधी. आणि मॅजिक किंगडमची सर्वांत मोठी कटकट: बाहेरून आलेल्याने गाडी लावायची ती उद्यानाच्या दारात नाही, तळ्याच्या अलीकडे. तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट. गाडी लावल्यापासून आत पाय ठेवेपर्यंत पाऊण तास सहज जातो. हॉटेलच्या बसेस मात्र थेट दाराशी सोडतात. चार दिवसांतला एक दिवस मॅजिक किंगडमचा असणारच. त्या दिवशी बाबांसाठी व्हीलचेअर पार्किंगपासूनच हाताशी असू द्या, म्हणजे बाहेरच्या दुकानातून भाड्याने आणून गाडीत घातलेली. उद्यानातली खुर्ची आत गेल्यावर मिळते, आणि चालण्याचा मोठा भाग त्याआधीच संपलेला असतो. बाबा ‘मला काय झालंय’ म्हणतील. मुलांची दप्तरं ठेवायला आणली आहे म्हणून सांगा. अकरा वाजेपर्यंत ते बसलेले असतील.

ज्यांना पहाटेचा तो अर्धा तास हवाच आहे आणि डिझ्नीचे दर नकोत, त्यांच्यासाठी डिझ्नी स्प्रिंग्ज या डिझ्नीच्याच खरेदी-खाण्याच्या बाजाराजवळची काही हॉटेलं आहेत. डिझ्नीची मालकी नाही, पण लवकर प्रवेशाचा हक्क आहे, आणि त्यातल्या ड्रुरी प्लाझामध्ये सकाळचा गरम नाश्ता भाड्यात येतो. सहा-सात जणांचं कुटुंब असतं तर मी तुम्हाला तिथेच पाठवलं असतं. अकराला खोल्या चारच्या चार लागतील.

गाड्यांचं म्हणाल तर बारा आसनांची मोठी व्हॅन घेऊ नका. अकरा माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही, चालवायला एकटाच तयार असतो, आणि दुपारी निम्म्यांनी परतायचं ठरवलं की सगळ्यांनीच परतावं लागतं. दोन मिनीव्हॅन घ्या. एक तुमच्या यजमानांकडे, एक भावाकडे. पाच वर्षांच्या मुलाला आणि छकुलीला कायद्याने सीट लागते, घरच्या आणा, विमान कंपन्या सहसा त्यांचे पैसे घेत नाहीत. विमानतळावरून येताना टोलचे रस्ते लागतात. तुमचा जर्सीचा ई-झेडपास, म्हणजे टोलचा पास, इथे चालतो. भाड्याच्या गाडीचा नंबर खात्यावर टाका, नाहीतर गाडी कंपनी तिच्या टोल-सोयीचे रोजचे पैसे लावते.

तारखांबद्दल. नोव्हेंबरातली ती शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी इथे ‘जर्सी वीक’ म्हणून ओळखली जाते. तुम्हाला वाटतं बाकीच्या देशात शाळा चालू, म्हणजे गर्दी नाही. अर्धं जर्सी इथेच असतं. शेजारच्या घरात तुमच्याच वर्गातली मुलं भेटायची. तरी नाताळापेक्षा कितीतरी बरं, भाडंही निम्म्याच्या आसपास खाली असू शकतं. मुलांना शाळेचे काही दिवस बुडवू द्यायची तयारी असेल तर रविवारी येऊन शनिवारी जा, गुरुवारी येण्याऐवजी. आणि ताई, तुमच्या मुलीचा दहावा वाढदिवस कधी आहे ते बघा. डिझ्नीत तीन ते नऊ मुलाचं तिकीट, दहापासून मोठ्यांचं. छकुली तीनची व्हायच्या आत येते आहे, तिचं तिकीट शून्य.

तिकिटांचं एक राहिलं, कारण मुक्कामाचा आणि त्याचा संबंध आहे. चारी ज्येष्ठांना चार दिवसांची तिकिटं काढू नका. दोन-दोन दिवसांची काढा. दर दिवसामागे तिकीट थोडं महाग पडतं, पण एकूण खर्च उतरतो, आणि घर चांगलं असेल तर त्यांना घरी थांबण्याचं वाईट वाटत नाही. एका संध्याकाळी त्यांना डिझ्नी स्प्रिंग्जला न्या, तिथे प्रवेश आणि पार्किंग दोन्ही फुकट. मोनोरेलमध्ये बसायलाही तिकीट लागत नाही. माझ्या सासऱ्यांना त्या दोन गोष्टी कोणत्याही राइडपेक्षा जास्त आवडल्या होत्या.

घर नक्की करण्याआधी मालकाला किंवा व्यवस्थापकाला फोन करा. राज्याचा पर्यटक-घराचा परवाना क्रमांक मागा. प्रामाणिक माणूस तो लगेच देतो. रात्री अकराला कुलपाचा आकडा चालला नाही तर कोण येणार ते विचारा. पैसे संकेतस्थळाबाहेर, परस्पर बँकेत भरा म्हणणारा कितीही गोड बोलला तरी फोन ठेवा. आणि १९२ वर जागोजागी ‘डिझ्नीची तिकिटं स्वस्तात’ अशा टपऱ्या आहेत. तिथे गेलात तर तुम्हाला एका वसाहतीत ‘नव्वद मिनिटांच्या’ माहितीसत्राला बसवतात. आमच्या एका पाहुण्यांची नव्वद मिनिटं दुपारी दोनला संपली, आणि बाहेर आले तेव्हा ते दरवर्षी एका आठवड्याच्या घराचे मालक होता होता राहिले होते. त्यांच्या सौभाग्यवतींनी ‘मला चक्कर येते आहे’ म्हटलं म्हणून सुटले.

एक अपवाद. चारातले दोन दिवस युनिव्हर्सल या ऑरलँडोतल्या दुसऱ्या कंपनीच्या उद्यानांना द्यायचं तुमच्या मनात आलं, आणि मे २०२५ मध्ये त्यांचं एपिक युनिव्हर्स हे नवं उद्यान उघडल्यापासून ते बऱ्याच जणांच्या मनात येतं, तर किसिमीतून रोज जाणं-येणं लांब पडेल. तेव्हा शेवटच्या दोन रात्री तुम्ही आणि भाऊ-वहिनी मुलांना घेऊन कबाना बे किंवा सर्फसाइड या युनिव्हर्सलच्या हॉटेलांत सहा जणांचे दोन स्वीट घ्या. चौघे ज्येष्ठ घरीच राहतील, कोणाकडे तरी एक गाडी असली म्हणजे झालं. बाबा अमेरिकेत गाडी चालवत नसतील, सासरे चालवतात का?

दोन-तीन घरं पसंत पडली की त्यांचे दुवे पाठवा. मी तळमजल्याचा आराखडा आणि बाथरूमचे फोटो बघून सांगते. जर्सी वीकची तळमजल्यावर दोन बेडरूमवाली घरं उन्हाळ्यातच जातात, तेव्हा श्रावण लागायच्या आत ठरवा.